अक्काचा अंगठा आणि दोन यंत्रं

सकाळपासून पेंटरच्या पायाला भिंगरी लागली होती. खोलीत चार पावलं, पायरीपर्यंत चार पावलं, परत खोलीत. टेबलाशी त्याची थोरली बहीण, अक्का, एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर सुरीनं शून्य कापत होती. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीतली दारं, कपाटं, खाटा, सगळ्यांवर आकडे टाकायचे होते. मुदत महिन्याची. एकच स्टेन्सिल शेकडो वेळा लावायची, पुसायची, पुन्हा लावायची, म्हणून फिल्म जाड हवी. जाड फिल्म कापायला अंगठ्यात जोर हवा, आणि अक्काच्या अंगठ्याचा सांधा गोटीएवढा सुजला होता.

"चल, जरा एक वस्तू बघून येऊ," तो म्हणाला.

"कसली वस्तू?"

पेंटर चपला शोधायला पायरीकडे वळला. पंचवीस वर्षं बहीण कापायची, भाऊ रंगवायचा. नवरा गेल्यावर अक्कानं याच टेबलाच्या जोरावर कुणापुढे हात पसरला नव्हता. कापायचं यंत्र आणायचं म्हणजे तिला टेबलावरून ऊठ म्हणायचं. ते त्याच्या जिभेवर येईना.

यंत्रांच्या दुकानात शिरताच तिला सगळं कळलं. पिशवीतून फिल्म काढून तिनं दुकानदारापुढे ठेवली. "तुमच्या कागदावर नको. यावर कापून दाखवा."

पहिलं यंत्र लेझरचं. बारीक धूर निघाला आणि पापणी लवते न लवते तोच शून्य तयार. दुसऱ्यात पातं होतं. ते कुरकुरत फिरलं, तरी फिल्म आरपार कापली गेली नाही.

"याला दोनदा फिरवावं लागतं," दुकानदार ओशाळून म्हणाला. "लेझरच घ्या, काका."

"हो, तेच," पेंटर म्हणाला. मग दारापर्यंत गेला, परत आला. "पण ते आपल्या टेबलावर मावेल का? नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"अरे, एका जागी उभा राहा. माझं डोकं गरगरतंय," अक्का म्हणाली. तिनं फिल्म उचलली, तसा शून्याचा मधला तुकडा गळून खाली पडला. "पोट धरून ठेवायला दोन बाजूंना पट्टी सोडावी लागते, दादा. तुमच्या यंत्राला कुणी शिकवलं नाही वाटतं?"

दुकानदारानं पट्ट्या घातल्या. दोन्ही यंत्रांवर पुन्हा कापलं, पात्याच्या यंत्रावर या वेळी दोनदा. अक्कानं डोळे मिटून सुजका अंगठा लेझरच्या स्टेन्सिलच्या कडेवरून फिरवला. मग दुसरीच्या. मग परत पहिलीच्या.

"इथं वितळून कड उचललीय. रंग खाली शिरेल."

"डोळ्यांना तर दिसत नाही," दुकानदार म्हणाला.

"डोळ्यांना नाहीच दिसणार. रंगव रे."

पेंटरच्या पिशवीत रंगाची डबी, रॉकेलची बाटली आणि ब्रश असायचेच. पुठ्ठ्यावर त्यानं दोन शून्यं उमटवली. पहिल्याच्या कडेला रंगाचे केस फुटले. दुसरं स्वच्छ. अक्कानं दुसरी स्टेन्सिल रॉकेलनं पुसून पुन्हा लावायला सांगितली. असं दहा वेळा. एकदाही पट्टी हलली नाही.

"हे पात्याचं द्या."

"पण वेळ दुप्पट लागेल, अक्का."

"लागू दे. त्याचा अंगठा थोडाच सुजणार आहे?"

दुकानदार खोका आणायला आत गेला. पेंटर पुन्हा फेऱ्या घालू लागला. शेवटी पाठमोराच उभा राहून म्हणाला, "मग तू काय करणार?"

"एवढ्यासाठी सकाळपासून नाचतोयस होय?" अक्का हसली. "पंचवीस वर्षं मी हौसेनं कापलं असं वाटतं तुला? सुरी बघितली की अंगावर काटा येतो माझ्या. आता मी रंगवणार."

तो गर्रकन वळला. "रंगवणार?"

"आकडे तर स्टेन्सिलवरून नुसते थापायचे. तेवढं जमेल या हाताला. वरच्या मजल्यावरच्या खाटा माझ्या."

"आणि पाट्यांवर हातानं काढायची अक्षरं?"

"ती हे काम उरकल्यावर, पुढच्या महिन्यात शिकव."

पेंटरनं ब्रश पिशवीत घातला, परत काढला, पुसला, परत घातला. गेल्या पंचवीस वर्षांत तो त्यानं कुणाच्या हाती दिला नव्हता. अक्कानं हात पुढे केला. त्यानं एकदा दुकानाच्या दाराकडे पाहिलं, एकदा तिच्या अंगठ्याकडे, आणि ब्रश दिला.

"उलटा धरलायस," तो लगेच म्हणाला.