चौथ्या दिवसाची मोजणी

सोमवारी कपाशीच्या बियाण्याच्या बारा गुंडाळ्या मोजायच्या होत्या. त्या मी मोजल्या नाहीत.

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मी उगवण तपासते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि चौथ्या दिवशी उघडून पहिली मोजणी करायची. ती हुकली की चाचणी बाद, माल गोदामात अडकतो. त्या दिवशी मी वेळेवर आले होते. रजिस्टर उघडलं, रेघा वाकड्या दिसल्या, म्हणून नवी पानं आखायला घेतली. सुटी झाली तेव्हा चाळीस पानं आखून झाली होती.

मंगळवारी फेरचाचणी लावली. सर म्हणाले, "पुन्हा हुकली तर पॅकिंगला जायचं."

एडीएचडीचं निदान तीन महिन्यांपूर्वी झालं होतं. गोळी चालू होती. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना रेघांचं सांगितलं. ते म्हणाले, "गोळी तुम्हाला बसवते. कोणत्या कामाला बसायचं, त्याची सोय वेगळी लावावी लागेल." मोबाइलचा अलार्म मी न बघता बंद करायची. डायरी दोनदा हरवली. काम महत्त्वाचं आहे हे कळत होतं, तेवढ्यानं हात हलत नव्हता. शर्यत असली की हलायचा. डॉक्टर म्हणाले, मग शर्यतच लावा, आणि एकट्या बसू नका.

शेजारच्या टेबलावर मावशी बियाण्यातला कचरा निवडतात. त्यांना विचारलं, "तुमचं काम घेऊन माझ्यापाशी बसाल?"

"राखण करू का तुझी?"

"गुंडाळी उघडायच्या आधी दोघींनी आकडा सांगायचा, शंभरातले किती उगवले. जी हरेल तिनं चहा करायचा."

"मंग बसते. तुझा चहा बिलकुल पाणी असतो, पण आयता न्हाई सोडत."

चौथ्या दिवसाच्या गुंडाळ्यांना मी लाल रबर लावलं. रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली मावशींना दिली. आकडे आधी कच्च्या कागदावर लिहायचे, सगळे झाल्यावरच किल्ली.

चौथा दिवस शनिवारी आला. नऊ वाजता मावशी स्टूल घेऊन आल्या. पहिल्या गुंडाळीला मी एक्क्याण्णव म्हणाले, त्या शहाऐंशी. सत्त्याऐंशी निघाले. पाचवीनंतर मी उठून खिडकीकडे निघाले.

"हारून राह्यली म्हणून पळून राह्यली का?"

मी परत बसले. साडेअकराला बारावी गुंडाळी मोजून झाली. किल्ली मिळाली. सरांनी नोंदीवर सही केली. बारापैकी आठ अंदाज मावशींचे जवळचे निघाले. चहा मी केला.

महिनाअखेरीस पॅकिंगला पाठवायच्या लोकांची यादी लागली. तीत माझं नाव नव्हतं.