येहिणीची खुर्ची

उत्तनच्या किनाऱ्यावर नातालीनबायला टरकून नसेल असा माणूस सापडणं कठीण, आणि तिला न बोलावता लग्न उरकेल असं घर सापडणं त्याहून कठीण. दिसायला बाई काही दांडगी नव्हती. नवरा तरणाताठा असतानाच समुद्राने नेला, मागे गॅब्रियल आणि लूर्डस ही दोन लेकरं. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन पायी भाईंदरच्या बाजारात जायचं, परत येऊन बोंबील वाळत घालायचे, असा तिचा जन्म चालला होता. पण हीच बाई लग्नाच्या मांडवात उभी राहिली की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

कारण नातालीनबाय शिव्या द्यायची. गाऊन, ठेक्यात, टाळ्यांच्या तालावर.

तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांची रीतच तशी. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरा-नवरीच्या न्हाणासाठी उंबराचं पाणी आणणार, वाटेने गाणी म्हणणार. लग्न लागलं की नवऱ्या मुलाच्या आईला, म्हणजे विहिणीला, मांडवात मधोमध खुर्ची देणार. विहिणीला ते येहीण म्हणतात. ती खुर्चीत बसली की नवरीकडच्या बायका तिच्या नाकापासून चालण्यापर्यंत सगळ्याचा उद्धार करणार, आणि बंद दाराआड नवऱ्याबरोबर तिचं काय चालतं तेही चारचौघींत मांडणार. येहिणीने मान ताठ ठेवून ऐकून घ्यायचं आणि मग सव्वाशेर जबाब द्यायचा. म्हाताऱ्या हसून हसून डोळे पुसायच्या. आणि जिला शिवी मिळाली नाही तिचं काय? तिला घरात घेतलंच नाही, असा सरळ अर्थ. इतका मोठा अपमान त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

नातालीनबाय उगाच तोंडाला येईल ते बरळत नसे. लग्न ठरलं की ती येहिणीला बाजारात गाठून लांबून न्याहाळायची. ही भाव कसा करते, तपकीर ओढते का, नवऱ्याच्या पुढे चालते की मागे. मग गाणं रचायची. तिची एक ओळ मात्र सगळ्या मांडवांना पाठ होती, तिच्यावाचून येहीण खुर्चीवरून उठतच नसे:

“येहीण बसली खुर्चीवर, खुर्ची बोलं कुरू कुरू,
दादल्याला तिच्या पुसा गो, खाट कला बोलं कुरू कुरू!”

खाट का कुरकुरते हे नवऱ्याला विचारा, एवढाच काय तो मामला. पण ती असं काही डोळे मिचकावून गायची की पाद्रीबाबासुद्धा मांडवाच्या बाहेर जाऊन आभाळाकडे बघत उभे राहायचे. ऐकू येत नसल्याचं ढोंग त्यांना छान जमायचं.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण अडतीस सालाच्या सुमारास विहिरीच्या वाटेवर एक बंगला उठला. कस्टममधून पेन्शनीत निघालेले ऑलिवेरा सायब हवापालट म्हणून वांद्र्याहून तिथे राहायला आले. बरोबर बायको, पियानो आणि कापडी टोप्या घालणाऱ्या दोन लेकी. सायब माणूस वाईट नव्हता. पण उंबराच्या पाण्याची पहिलीच मिरवणूक त्यांच्या व्हरांड्यासमोरून गेली आणि लेकी खिडकीत उभ्या राहून खुदखुदल्या. सायबांचं पित्त खवळलं. त्यांनी हवालदार बाबरला बोलावून घेतलं.

बाबर साताऱ्याकडचा, पापभीरू माणूस. त्याने नातालीनबायला येऊन सांगितलं, “मावशी, सायब रागावलेत. रस्त्यावर असली गाणी नकोत. पुन्यांदा तक्रार आली तर मला वर कळवावं लागंल.”

इथे नातालीनबाय चुकली. आणि अशी चूक उत्तनच्याच बाईकडून व्हावी. तिने रात्रभर विचार केला. सायब रागावले, का रागावले? तिच्या सबंध आयुष्यात तिच्या गाण्यावर माणूस रागावला होता तो एकाच कारणाने. त्याला वगळलं म्हणून.

“नवा मानूस हाय,” ती लूर्डसला म्हणाली. “गावात घर बांधला, आन त्याच्या घरच्या बाईला आपन एक सबूद बोललो न्हाय. रुसल न्हाय तर काय करल?”

दुसऱ्या दिवशी तिने धुवट लुगडं नेसलं, चांगला पापलेट टोपलीत घेतला, चार बायका गोळा केल्या आणि बंगल्याच्या व्हरांड्यासमोर भर रस्त्यावर उभं राहून ऑलिवेरा मॅडमच्या पियानोवर, टाचांच्या बुटांवर आणि सायबांच्या खाटेवर खास रचलेलं गाणं म्हटलं. मनापासून, आदराने. शेवटी नेहमीची येहिणीची कुरू कुरू ओळ आलीच. पापलेट व्हरांड्याच्या पायरीवर ठेवून ती समाधानाने घरी आली. आता तरी सायबांचा रुसवा जाईल, असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी समन्स आलं. सार्वजनिक रस्त्यावर अश्लील गाणी गाऊन लोकांना उपद्रव दिल्याबद्दल.

गॅब्रियलने भाड्याची बैलगाडी केली आणि घोडबंदरच्या रस्त्याने, चेण्याच्या रानातून, आईला ठाण्याच्या कोर्टात नेलं. तिला भीती वाटत नव्हती. सायब एवढे का बिघडले तेच तिला उमगत नव्हतं.

कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणाले, गाणं काय होतं ते वाचा. हवालदार बाबरने कागद उघडला आणि सरकारी आवाजात, खाली मान घालून, वाचायला सुरुवात केली. “येहीण बसली खुर्चीवर. खुर्ची बोलं कुरू कुरू. दादल्याला तिच्या पुसा गो. खाट कला बोलं कुरू कुरू.” ना ताल, ना टाळी. समोर खुर्चीवर येहीण नाही, मागे फिदीफिदी हसणाऱ्या बायका नाहीत. भिंतीपाशी वकील उभे, एकाने तोंड फिरवलेलं, एक मिशीत हसणारा. तो हसण्याचा प्रकार नातालीनबायने त्याआधी कधी पाहिला नव्हता. पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाण्याची लाज वाटली. तिने पदर ओढून घेतला आणि मेल्याहून मेल्यासारखी उभी राहिली.

“हे तुम्ही गायलंत?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

तिला वाटलं, आपण एकट्या सायबांच्या बायकोलाच नाव ठेवलं असा यांचा समज झाला आहे. तिने घाईघाईने खुलासा केला. “तिलाच न्हाय, सायब. मी सगल्यांना बोलतंय. उत्तन, चौक, पाली, डोंगरी, एक येहीण सोडली न्हाय. इचारा कुनाला बी!”

कोर्टात हशा पिकला. कारकुनाने ते सगळं लिहून घेतलं. आपल्याच तोंडाने तिने आपल्या गळ्यात दोर अडकवला होता.

मॅजिस्ट्रेट दयाळूच म्हणायचे. तुरुंगात घातलं नाही. तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. असली गाणी पुन्हा गायली तर जामीनदाराची मालमत्ता जप्त. आणि जामीनदाराला मालमत्ता तर हवी ना? गॅब्रियलकडे एकच होती, त्याच पावसाळ्यानंतर पाण्यात उतरवलेली नवी कोरी होडी. त्याने ती लावली. आईने कागदावर अंगठा उठवला. परतीच्या वाटेवर गॅब्रियल एवढंच म्हणाला, “आय, आता तोंडाला कुलूप घाल गो. होडी गेली तर खायाचा काय?”

तिने कुलूप घातलं. लोक लग्नाचं आवतण घेऊन आले की ती घसा धरल्याचं सांगायची. दुसऱ्या बायकांनीही धसका घेतला होता. मांडवात आता बँडवाला एकटाच वाजवायचा.

आणि मग लूर्डसचं लग्न ठरलं. मुलगा पालीचा, आगबोटीवर नोकरीला. लढाईला तोंड लागलेलं, बोट कधी निघेल नेम नाही, म्हणून लेंतीचे, लग्नं न लागणारे उपासाचे दिवस लागण्याआधीच बार उडवायचं ठरलं. थांबणं शक्य नव्हतं. मुलाची आई रेजीनबाय. ही रेजीनबाय म्हणजे पालीची नातालीनच, तसाच गळा आणि तशीच जीभ. दोघींनी दुसऱ्यांच्या मांडवात एकमेकींना कितीदा ऐकलं होतं. या दोघी येहिणी झाल्यावर काय बहार होईल, याची आसपासच्या गावांत केव्हापासून चर्चा होती.

नातालीनबायने निरोप धाडला. असं असं आहे, कोर्टाचा जामीन आहे, लेकाची होडी अडकली आहे, माफी असावी. रेजीनबायने निरोप ऐकून घेतला.

लग्न लागलं. दुपारी मांडवात खुर्ची मांडली. रेजीनबाय नव्या लुगड्यात, केसांत सुरंगीचा गजरा माळून, पालीच्या बायकांचा ताफा मागे घेऊन आली आणि खुर्चीवर बसली. लाकडी खुर्ची जुनी होती. ती कुरकुरली.

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. बायकांच्या नजरा नातालीनबायकडे वळल्या. कोपऱ्यात हवालदार बाबर, खबरदारी म्हणून बोलावलेला, ताटाशी बसला होता. त्याचा घास हातातच राहिला. त्यालाही बिचाऱ्याला नको होतं ते.

मग रेजीनबायने मुद्दाम बूड हलवलं. कुरू कुरू. पुन्हा एकदा. कुरू कुरू. ती नातालीनबायकडे बघून हसली, भुवया उडवल्या, जणू म्हणत होती, चल की गो, वाट कसली बघतेस? नातालीनबायच्या ओठांवर गाणं येऊन बसलं होतं. तिला गॅब्रियल दिसत होता, मांडवाच्या खांबाला धरून उभा, चेहरा उतरलेला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण आवाज म्हणून निघाला नाही.

रेजीनबायचं हसू मावळलं. ती उठली.

“येहिणी, कोर्टाचा मना कलतंय,” ती म्हणाली. “पन खुर्चीवर मी बसली व्हती गो. सगल्या पालीसमोर. मना नाव ठेवाया बी काय न्हाय?”

ती न जेवता निघाली. सुनेला घेऊन गेली, पण मांडवातून एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर लूर्डसला सासरी मार नव्हता की उपास नव्हता. फक्त एक वाक्य होतं. ताट वाढताना, पोर न्हाऊ घालताना, केव्हाही: “तुज्या आयनं मना मानसात धरली न्हाय.” नातालीनबाय पालीला जायची ती नातवंडांच्या बाप्तिस्म्याला. उंबऱ्याच्या आत तिला कुणी ये म्हणत नसे. ती बाहेरच बसून पोराला मांडीवर घ्यायची आणि परत यायची.

तीन वर्षं संपली. कुलूप काही निघालं नाही. एक तर जामीन संपला हे तिला कुणी येऊन सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिने विश्वास ठेवला नसता. दुसरं म्हणजे, घरात एकटी असताना तिने एकदोनदा गुणगुणून पाहिलं, तर तोंडातून हवालदाराचा आवाज निघायचा. सपाट, घाण. मग ऑलिवेरा सायब बंगला विकून गेले. मग इंग्रजही गेले. आता नवं राज्य म्हणून तिला थोडी आशा वाटली, तोच बाजारात कुणीतरी सांगितलं की नव्या सरकारने अश्लील म्हणून तमाशेसुद्धा बंद पाडलेत. “बग,” ती गॅब्रियलला म्हणाली, “मी बोललीच न्हाय ते बरा झाला.” गॅब्रियलची होडी तोवर जुनी होऊन दोनदा डागडुजीला गेली होती. त्यानेही आईला गा म्हटलं नाही.

त्याच सुमारास पालीहून लूर्डसचा सांगावा आला. रेजीनबाय अंथरुणाला खिळली होती, पाद्रीबाबा शेवटचं तेल लावून गेले होते. येहिणीला बोलवा म्हणत होती.

नातालीनबाय पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेली. रेजीनबायच्या अंगात हाडं तेवढी उरली होती, पण डोळे तेच होते.

“मना खुर्चीवर बसवा,” ती म्हणाली.

लूर्डसने आणि नातालीनबायने तिला धरून खुर्चीत बसवलं, उशी लावली. तिच्यात वजन कुठलं, खुर्ची गप्पच राहिली. तेव्हा रेजीनबायने खुर्चीच्या हाताला धरून, सगळा जीव एकवटून, अंग हलवलं. कुरू कुरू.

नातालीनबायने तोंड उघडलं. आधी हवालदारच आला. मग खुर्ची पुन्हा कुरकुरली आणि त्या कुरकुरीत तिला ठेका सापडला. “येहीण बसली खुर्चीवर,” तिने जुना, सबंध मांडव भरणारा आवाज लावला, “खुर्ची बोलं...”

लूर्डस दचकून उठली. खिडकी रस्त्याकडे होती. तिने धावत जाऊन ती लावली आणि कडी घातली. नातालीनबायचा आवाज तिथेच तुटला.

“उगड गो ती,” रेजीनबाय म्हणाली. “पालीला कलू दे, मना शिवी भेटली.”

लूर्डसने आईकडे पाहिलं. नातालीनबाय उठली, खिडकीपाशी गेली, कडीवर हात ठेवला. बाहेर कुणीतरी बोलत चाललं होतं. कडी साधीच होती, लहान पोरही काढील अशी. तिने बराच वेळ हात ठेवला, आणि मग हात खाली घेतला. परत येऊन ती रेजीनबायच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि उरलेलं गाणं तिच्या कानात म्हटलं. नाकावरचं, तपकिरीवरचं, दादल्यावरचं, तिच्यासाठी तेव्हा रचलेलं सगळं. एक ओळही ती विसरली नव्हती.

रेजीनबायचे खांदे हसण्याने हलायला लागले. मग तिने, एकेक शब्द ओढत, आपला जबाब दिला:

“खाट माजी बोलली म्हून लेक झाला गो,
तवा कुटं येहिणी, तुला जावय मिलला गो!”

दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या, आणि हसता हसता नातालीनबाय हुंदके द्यायला लागली. रेजीनबायने डोकं उशीला टेकवलं. दम लागला होता.

“लग्नापासून पोटात ठिवला व्हता,” ती म्हणाली. “चांगला हाय ना जबाब? पन ऐकला कुनी?”

“मी ऐकला, माय,” लूर्डस सासूला म्हणाली. ती अजून बंद खिडकीला पाठ लावून उभी होती.