चोवीस सेकंदांचा नाला

आमच्या भागात लग्नाच्या व्हिडिओची सुरुवात उगवत्या सूर्यानं होते. माझं तेलंगणात, गुडीहत्नूरला फोटोचं दुकान आहे, त्यामुळे असले सूर्य मी कितीतरी नवरा-नवरींच्या डोक्यावर आणून ठेवले आहेत. स्टँडवर कॅमेरा लावायचा, दर दहा सेकंदांनी एक फोटो, आणि दोन तासांची सकाळ चोवीस सेकंदांत पळते. त्या घाईच्या सूर्याचा मला आताशा वीट आला आहे. का, ते सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मी गावच्या टेकडीवर कॅमेरा लावला. खाली आमचा मळा, मळ्याला लागून नाला. बाबा रोज उजाडताना तिथेच मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या धुतात आणि बाजारात नेतात. ओली, टवटवीत जुडी आधी उचलली जाते, आणि घरचा नळ जेमतेम अर्धा तास येतो. बाबा माळकरी. अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नाही. नाल्याचा विषय काढला की ते म्हणत, "वाहत्या पाण्याले इटाळ नसते." त्या दिवशी फिल्ममध्ये यायचं म्हणून त्यांनी मुद्दाम धुतलेली टोपी घातली होती.

दुपारी दुकानात बसून मी ती फिल्म पाहिली. वर आभाळ केशरी होत होतं, खरंच सुरेख. दुरून डोंगर साजरे! खाली, नाल्याच्या वळणाआड, हायवेकडच्या कोंबडीवाल्यानं येऊन पिंप उपडं केलं. मळ्यातून ते वळण दिसत नाही. शिवाय हिवाळ्यात पाणी इतकं मंद असतं की नुसत्या डोळ्यांना ते उभंच वाटतं. चोवीस सेकंदांत मात्र ते चालायला लागलं. मी चित्र मोठं केलं. तांबूस पट्टा, त्यावर पिसं आणि आतड्यांची लडबड, वळण घेऊन सरळ बाबांच्या हातांशी आली. बाबांनी त्यात जुडी बुडवली, झटकली, गोणपाटावर ठेवली. दुसरी बुडवली. मी दुकानामागं जाऊन ओकलो. मेथीच खाऊन आलो होतो.

आणि मग मी काय केलं? फिल्मचा खालचा भाग कापला, आभाळ तेवढं ठेवलं आणि स्टेटसला टाकलं. "बागुंदी, बागुंदी" म्हणत तेलुगू गिऱ्हाइकांनी कौतुक केलं. पाण्याची किळस आलीच होती, त्यात आता माझी स्वतःची भर पडली.

संध्याकाळी बाबा मोबाईल घेऊन माझ्यापुढं बसले.

"काऊन रे, मी कुठीच दिसून नाही राह्यलो?"

"फ्रेममधी नाही आले तुमी."

"मंग उद्या जरा वरतं बसतो. तिकडं, वळनापाशी."

वळणापाशी! मी अख्खी फिल्म लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मला वाटलं, चला, आता हे नाल्यावर धुणं बंद.

"हे आनखी कोनाले दावलं?" त्यांनी विचारलं.

"कोनालेच नाही."

"मंग नोको दावू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा बाबांनी घरच्यासाठी एक जुडी बादलीत चार पाण्यांनी धुतली आणि आईच्या हातात दिली. आईला काहीच माहीत नव्हतं. एवढं काय धुता म्हणून ती हसली. बाकीच्या जुड्यांचं गोणपाट डोक्यावर घेऊन बाबा नाल्याकडं निघाले. मी दारातच उभा होतो. बाजूला सरकून मी त्यांना वाट दिली.

आईनं त्या जुडीची भाजी केली. मी दोन भाकरी खाल्ल्या.