हॅरोवेसाहेबांचा आवाज

श्री. क्लेमेंट हॅरोवे यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावे, असे संपादकांनी कळवले. म्हणून हे मराठीत. हॉलिवूडच्या पडद्यावर चाळीस वर्षे साहेबांनी न्यायाधीश, पोस्टमास्तर, नायिकेचे काका रंगवले. नाव कोणाला आठवत नाही. तो खर्जातला आवाज मात्र सगळे ओळखतात.

जर्मनीत कार्ल्सरूहेला इंजिनिअर होऊन मी म्युनिकच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागलो, तेव्हा साहेब तिथे चित्रीकरणासाठी आले होते. पहिला शॉट संपताच ते थेट माझ्यापाशी आले.

"शेवटचा शब्द ऐकू आला? खरं सांगा."

"अर्धाच आला," मी भीतभीत म्हणालो.

त्यांनी दिग्दर्शकांना विनंती करून शॉट पुन्हा दिला.

त्यांची भूमिका होती रेल्वेच्या तिकीट तपासनिसाची, दोन वाक्यांची. तेवढ्यासाठी साहेब दिवसभर स्टेशनवर बसून आले. मला हसू आले. ते म्हणाले, "वाक्यं दोनच, पण हा माणूस तीस वर्षं तिकिटं तपासतोय ना!"

काही वर्षांनी ते पुन्हा म्युनिकला आले, तेव्हा आवाज घोगरा झाला होता. घशात गाठ निघाली. चित्रपट अर्धा झालेला. निर्माते दुसऱ्या कोणाचा तरी आवाज घालायच्या विचारात होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साहेबांनी माझा हात धरला. "माझा आवाज गेलाच, तर दुसरा तुम्हीच निवडा. माणूस साधा असू दे."

मी मान डोलावली.

गाठ साधी निघाली. तरी दोन आठवडे बोलायला बंदी होती. मी भेटायला गेलो की ते चिठ्ठीवर लिहीत, "जेवलात का?" बंदी उठली त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "आल्झो, चला तर, बोला!" साहेबांनी तोंड उघडले, नुसती हवा आली. सौ. हॅरोवे माझ्याकडे बघू लागल्या. साहेब खाकरले आणि म्हणाले, "या इस्पितळाची कॉफी भयंकर आहे."

आवाज बारीक होता, पण त्यांचाच. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

उरलेला चित्रपट त्यांच्याच आवाजात पुरा झाला. साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांची कुरकुरसुद्धा आम्हाला वर्षानुवर्षे ऐकायला मिळो.