कोरडा हात

तिनं माझा हात मनगटाला धरून वर उचलला आणि नाकाशी नेला. वास घेतला. मग हात सोडून म्हणाली, "पुन्हा धू."

कोळवणच्या वरच्या अंगाला, जिथं भातखाचरं संपतात, तिथं तिचा बंगला. साल अठ्ठ्याण्णव. मी एकोणीस-वीस वर्षांची, नुकतीच तिच्याकडं कामाला लागलेले. दिवाळी होऊन गेली होती. पुण्याहून पाहुणे आले होते आणि त्यांना नव्या आंबेमोहोराचा भात खायचा होता. तांदूळ मी निवडायचा. त्याआधी अंगणातल्या नळावर, औषधी साबणानं, कोपरापर्यंत हात धुवायचे. आतल्या नळाला आम्ही हात लावायचा नाही. मी धुतले. तिनं वास घेतला. पुन्हा धुतले. पुन्हा वास. पाहुणे व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून बघत होते. त्यातली एक हसली, "अगं, कातडी निघेल तिची."

त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"यांच्या हाताला एक वास असतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो जात नाही गं."

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, गावाबाहेर. 'यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मी सूपभर तांदूळ निवडला. खडा राहू दिला नाही. संध्याकाळी निघताना बघितलं, तो सगळा तांदूळ परसात कोंबड्यांपुढं ओतलेला. पाहुण्यांच्या ताटात शहरातून आणलेल्या छापील पिशवीतला भात होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. बोलावणं आलं तेव्हा निरोप दिला, "येत न्हाई म्हणावं. हात धुतीया अजून."

तेव्हा हा टोमणा होता. पुढं खरा झाला.

पण बघितलेलं फुकट जाऊ देणं माझ्या रक्तात नाही. त्या स्वयंपाकघरात मी एक गोष्ट बघितली होती. बंगल्याच्या कुंपणाला लागून आंबेमोहोर पिकतो आणि ही माणसं शहरातल्या दुकानातून भेसळ केलेला विकत आणतात. मी वस्तीतल्या वाट्यानं शेती करणाऱ्यांकडून भात उचलायला लागले. पौडच्या गिरणीवर भरडून आणायचा, शनिवार-रविवारी बंगल्याबंगल्यांत विकायचा. गिरणीवाल्याशी भांडले, टेम्पोवाल्याशी भांडले, मापात मारणाऱ्याच्या अंगावर त्याचंच माप फेकलं. लोक मला भांडकुदळ म्हणतात. भांडले नसते तर अजून सूप घेऊन कुणाच्या तरी परसात बसले असते. काही वर्षांत माझं स्वतःचं गोदाम झालं. बागायतदार घरंसुद्धा भात माझ्याकडं घालायला लागली.

या धंद्यात सगळं हातावर चालतं. पोत्यात वर वाळलेलं आणि तळाला ओलं घालायची चलाखी सगळेच करतात. म्हणून हात कोपरापर्यंत खुपसायचा, तळातली मूठ वर काढायची, चोळून तूस उडवायचं, दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर पुढं बोलायचं. भाव ठरला की ती मूठ विकणाऱ्याच्या तळहातावर ओतायची आणि त्यानं ती पोत्यात परत टाकायची. सौदा तुटला तर मूठ आपणच परत टाकायची. कागद नाही, सही नाही. मूठ गेली की सौदा पक्का. आणि हात कोरडा पाहिजे. ओला हात पोत्यात गेला की दाणा काळा पडतो.

माझे हात ओले राहायला लागले.

नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. एक विचार यायचा. माझ्या हातात काहीतरी आहे. ते तांदळाला लागेल, तो तांदूळ कुणाचं तरी लेकरू खाईल आणि मरेल. हे खुळ्यासारखं आहे हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. पोत्याला हात लावण्याआधी धुवायचे, लावल्यावर धुवायचे. टॉवेलनं पुसले की टॉवेलवर संशय. मग पुन्हा. कातडी फाटली, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं, आणि रक्त दिसलं की आणखी भीती. भात घेऊन आलेली माणसं गोदामाच्या दारात उभी आणि मी मागं पिंपाशी.

त्यांना दिसायचं ते एवढंच, की ही बाई आपल्या भाताला हात लावते आणि लगेच हात धुते.

मोठ्या वाड्यातले तात्या एकदा पोत्यावर पाय ठेवून म्हणाले, "काय गं बाय, आमच्या भाताला इटाळ लागलाय का?"

ज्यांच्या विहिरीवर माझ्या आजीला लांब उभं राहावं लागायचं, वरून कुणी पाणी ओतेल तेव्हा ओतेल, त्या घरातला हा माणूस. विटाळाचं मला विचारत होता! मला बरं वाटलं. म्हटलं, कळू दे, कसं लागतं ते एकदा यांनापण कळू दे. मी आजाराचं काही बोलले नाही. त्यांनी पोती गाडीत परत टाकली आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडं नेली. त्यांच्या मागून आणखी घरं गेली. धंदा माझ्या ओल्या हातातून निसटत होता आणि मी आतल्या आत हसत होते.

हसू थांबवलं ठकूआजीनं.

ठकूआजी आमच्याच वस्तीतली. नवरा नाही, मुलगा नाही, दुसऱ्याचं खाचर वाट्यानं करायची. मी धंदा सुरू केला तेव्हा पहिलं पोतं हिनंच दिलं होतं, विश्वासावर. त्या वर्षी ती पोतं डोक्यावर घेऊन आली. मी हात घातला, दाणा चावला, चांगला होता. भाव सांगितला, ती हो म्हणाली. आता मूठ तिच्या हातावर ओतायची. मला ओतवेना. माझ्या मुठीतलं तिला लागेल, ती मरेल. मी मूठ जमिनीवर टाकली आणि पिंपाकडं पळाले.

परत आले तर आजी पोत्याचं तोंड बांधत होती.

"आजी, का गं?"

तिनं वर बघितलं नाही. "त्यांनी धुतलं, न्हाई वाटलं काई. जलम गेला त्यात. पर तू बी?"

पोतं उचलायला मी पुढं झाले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुन्यांदा धुवावं लागंल."

ती गेली. जमिनीवर मूठभर भात पडला होता. जो तांदूळ मी निवडला होता आणि कोंबड्यांना गेला होता, त्याच्यासारखाच. मी त्या बाईला शिव्या घालत सात-आठ वर्षं काढली होती आणि तिचं काम माझे हात करत होते. बिनपगारी.

मी पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडं गेले; त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि समुपदेशन करणाऱ्या एका मॅडमकडं पाठवलं. मॅडम नांदेडकडच्या, माझ्यापेक्षा लहान, भाड्याच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसायच्या. मी त्यांना बंगल्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, हे तिनं केलं मला.

त्या म्हणाल्या, "आजार तिनं दिला असं मी म्हणणार नाही. हा कुणालाही होतो, बंगलेवाल्यांनाही होतो. पण आजाराला बोलायला शब्द लागतात बघा. ते तिचे आहेत."

उपाय ऐकून मी उठूनच उभी राहिले. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा. आणि धुवायचं नाही. बस. भीती चढेल, चढू द्यायची. तिच्याशी काही करायचं नाही. सोप्यापासून सुरुवात करायची, अवघड शेवटी.

"किती वेळ धुवायचं न्हाई?"

"धुतल्याशिवाय राहता येतं हे कळेपर्यंत."

"पदराला पुसले तर?"

"नाही."

"नुसतं पाणी. साबण न्हाई."

"नाही."

"बरं, एक बोट. बाकीची ऱ्हाऊ देते."

मॅडम हसल्या. "ताई, तुम्ही घासाघीस माझ्याशी करत नाही आहात. आजाराशी करताय. तो म्हणतो, एवढं एकदा धू, मग तुला सोडतो. सोडलं का कधी?"

मी, जिला गिरणीवाला फसवू शकला नाही, टेम्पोवाला नाही, तात्या नाही. आणि हा आजार दररोज येत होता, तोच शब्द देत होता, तोच मोडत होता. मी दर वेळी त्याला माल उचलू देत होते. मला भीतीपेक्षा संताप आला. असल्या गिऱ्हाइकाला मी दारात उभं केलं नसतं.

सराव सुरू झाला. गोदामाच्या कडीला हात, धुवायचं नाही. छाती धडधडायची, घाम फुटायचा, वाटायचं आता कुणीतरी मरणार. बसून राहायचं. मॅडमनी अवघड गोष्टी विचारल्या तेव्हा मी पहिली सांगितली होती ती बंगल्यावर जायची. त्या म्हणाल्या, ते आत्ता नको. पण पायरी-पायरीनं जाणारी मी नाही. एका रविवारी सरळ बंगल्यावर गेले.

ती व्हरांड्यात होती. केस पांढरे झालेले. मला तिनं ओळखलंच नाही.

"तांदूळवाल्या ना तुम्ही? या, या, बसा. चहा घेणार?"

वेताच्या खुर्चीवर बसवलं मला. मी हात तिच्या नाकापुढं धरला. "घ्या वास."

"काय?"

"अठ्ठ्याण्णव साली घेतला होता. पाहुण्यांसमोर. आता पुन्हा घ्या."

ती मागं सरकली. आठवायचा प्रयत्न केला असं दाखवलं. मग म्हणाली, "मला नाही हं आठवत असं काही. स्वच्छतेच्या बाबतीत मी जरा कडक होते तेव्हा, पण ते सगळ्यांशीच."

आठवत नाही! जिच्यामुळं मी रात्रंदिवस जळत होते तिच्या डोक्यात मी एवढीशीसुद्धा नव्हते. मी ओरडले, खुर्चीवरच्या गादीला दोन्ही हात घासले, तिच्या सात पिढ्या काढल्या आणि निघाले. वाटेत ओढा लागला. तिथं बसून रेतीनं हात घासले, लाल पाणी वाहीपर्यंत.

मॅडमना सांगितलं. त्यांनी माझे हात बघितले. "तुम्ही भांडायला गेला होता, सरावाला नाही. रागात भीती झाकली जाते. कमी होत नाही. खरी अवघड गोष्ट कोणती, ते सांगा आता."

मला माहीत होतं. बंगला नव्हताच तो.

ठकूआजी अंगणात भात वाळवत बसली होती. मी समोर बसले. तिला सगळं सांगितलं. आजार, डॉक्टर, मॅडम. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "हाताला भूत लागलंय म्हन की."

"तसंच समज."

"आन् मला काय करायचंय?"

"मूठ घे माझ्या हातानं."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं. मी हात खुपसला. धुतलेला नव्हता. पुण्याहून सरळ येताना एसटीचा दांडा धरला होता, आजीच्या कुत्र्याला थोपटलं होतं, मुद्दाम. तळातली मूठ काढली, चोळली, फुंकली, दाणा चावला. भाव बोलले. म्हातारी भडकली.

"एवडाच? मला आडलेली बगून नाडतीस व्हय गं?"

"आजी, बाजारात हाच हाय."

"बाजारात जा मग. तितं घिऊ दे कुनी तुजी मूठ."

डोक्यात ती मेलेली दिसत होती आणि वर ही भाव वाढवून मागत होती. मी वाढवला. तिनं तळहात पुढं केला. मी मूठ ओतली. तिनं ती सावकाश पोत्यात टाकली, आणि तोच हात न पुसता शेजारी ठेवलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. माझ्या नजरेला नजर लावून चावत राहिली. मी किंचाळायच्या बेतात होते.

"बस हितंच," ती म्हणाली. "पानी मागितलंस तर काटीच घालीन."

मी बसले. सावल्या लांबल्या, भात गोळा झाला, भीती बसून होती, मीपण बसून होते. भीती माझ्याआधी थकली. आजी मेली नाही. उलट मी निघताना म्हणाली, पोतं काय मी गोदामापर्यंत आणून देणार न्हाई, गाडी पाठव.

त्यानंतर सराव मी रोज केला, धंद्यासारखा. तात्यांनाही आजाराचं सांगितलं. माफी मात्र मागितली नाही. त्यांची पोती परत आली, भाव मी ठरवला. आज कोळवणच्या खोऱ्यातला बहुतेक आंबेमोहोर माझ्या हाताखालून जातो.

मागच्या हंगामात बंगल्याचा ड्रायव्हर आला. नातीचं लग्न, तांदूळ हवा, भाव म्हणाल तो. शिवाय वस्तीतल्या दोन पोरी कामाला बघून द्या.

मी म्हटलं, "तांदूळ न्हाई. पोरी बी न्हाईत."

गोदामातली माणसं बघायला लागली. ड्रायव्हरनं समोरच्या थप्पीकडं बोट केलं. "एवढा हाय की."

"हाय. तुमाला न्हाई."

तो गेल्यावर मी वस्तीत आणि गिरणीवर सांगून ठेवलं. ज्या बंगल्यात आमच्या पोरींसाठी अंगणात वेगळा नळ आहे, त्या बंगल्याला माझ्याकडून दाणा नाही आणि वस्तीतून माणूस नाही. चार बंगल्यांनी तो नळ काढला. तिनं काढलेला नाही. तिच्या घरी लग्नात भात बाहेरून आला, तेही मला कळलं, कुठून आला ते मी शोधलं, आणि त्या व्यापाऱ्याला या खोऱ्यात पुढच्या वर्षी पोतं मिळणार नाही याची तजवीज केली.

मॅडम म्हणतात, आता रागही सोडा, ओझं होतं त्याचं. मी पोती उचलून मोठी झाले. ओझं मला सांगू नये.

विचार अजून येतो. आज सकाळीही आला. यावा. त्याला काही मिळत नाही. बंगलेवालीलाही मिळणार नाही, ती मरेपर्यंत नाही, आणि तिच्या मागं त्या घरात जो कोणी राहील त्यालाही, तो नळ तिथं उभा आहे तोवर नाही.