तारेची जाळी, टोळीचं तेल

धानोऱ्याला पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जुनी मोटारसायकल घेतली. त्याआधी सायकल होती. पण ढोरांच्या बुळकांडी रोगाची लस बर्फात न्यावी लागते, आणि सायकलवर दोन गावं होईपर्यंत थर्मासमध्ये बर्फाऐवजी पाणी उरायचं. मोटारसायकल वीसेक वर्षांची होती आणि तिचं उत्पादन केव्हाच बंद झालं होतं. गोंडपिपरीच्या एका निवृत्त वनरक्षकाकडून मी ती घेतली. आमच्या घरात पहिला पदवीधर मी आणि पहिलं इंजिनही माझंच, त्यामुळे गाडीत काय तपासून घ्यायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

महिन्याभरात ती धूर ओकू लागली. बसस्टँडजवळच्या मिस्त्रीने हवेचा डबा उघडला. गाडी जी हवा ओढते ती या डब्यातल्या फिल्टरमधून गाळून जावी लागते. आत फिल्टर नव्हताच. लुगड्याची एक चिंधी बोळा करून कोंबली होती.

"डाक्टरभाऊ, हे काय होय? गाडीले बाळंतीण करून ठेवली का?"

गावोगाव मला डॉक्टरच म्हणत. मी डॉक्टर नाही हे सुरुवातीला प्रत्येकाला सांगत असे, नंतर सोडून दिलं.

"चालते ना पण," मी म्हणालो.

"चालते. पण मुरमाची धूळ खाऊन चालून राह्यली. उन्हाळ्यापावतो पिस्टन खाऊन टाकंल. मंग बसा आपली सायकल घेऊन. चांदा गाठा आन् फिल्टर आणा."

मी चंद्रपूरला, म्हणजे त्याच्या चांद्याला, गेलो. सामानाच्या दुकानदाराने विचारलं, "जुना पीस आणला का?" माझ्या पिशवीत फक्त ती चिंधी होती, ती काही मी काढली नाही. बोटांनी माप दाखवलं. त्याने कागदी फिल्टर दिला. धानोऱ्याला येऊन बसवला तर डब्याचं झाकण लागेना. पुढच्या खेपेला दोऱ्याला गाठी मारून डब्याचं माप नेलं. या वेळी उंची जमली, पण फिल्टर आत खुळखुळत होता. मिस्त्री म्हणाला, "फटीतून धूळ जाईन त गाळणी कायले लावायची?" तिसऱ्या खेपेला मी डबाच खोलून घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून चंद्रपूरपर्यंत नेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "यात काय आहे, भाऊ?" मी सांगितलं, "काहीच नाही, तेच आणायला चाललो."

दुकानदाराला माझी दया आली असावी. माळ्यावर चढून त्याने धुळीने भरलेलं एक खोकं काढलं. त्यात तारेच्या जाळीचा गोल फिल्टर होता. डब्यात ठेवला तो अगदी घट्ट बसला.

"हा कागदाचा नाई," तो म्हणाला. "कोरडा लावाल त जाळीतून धूळ सरळ आत जाईन. तेलात बुडवा, निथळू द्या, मंग लावा. तेलाले धूळ चिकटते."

एवढं त्याने सांगितलं. कोणतं तेल, हे मी विचारलं नाही.

गडबड होतीच. सोमवारी सकाळी मला जंगलातल्या एका गावात पोचायचं होतं. त्या गावाने मागे एकदा लसीसाठी ढोरं दिवसभर बांधून ठेवली होती आणि लस आलीच नव्हती. उपाशी ढोरं हंबरत राहिली. तेव्हापासून लस म्हटलं की गावाचे लोक तोंड फिरवायचे. तीन वेळा जाऊन, आखरावर बसून मी त्यांना राजी केलं होतं. आखर म्हणजे चरायला नेण्याआधी ढोरं जमवतात ती गावाकडेची जागा. गावाची ढोरं चारणारा ढोरकी म्हातारा गोंड होता. ढोरं त्याच्या शब्दावर थांबत आणि माणसंही. तो म्हणाला होता, "सूर्य झाडावर येतपावतो थांबवतो. मंग नाई. या बारीले चुकलं त पुन्हा नाव नाई काढायचं."

रविवारी दुपारी जाळीला तेल लावायला बसलो. मिस्त्री लग्नाला गेला होता, दुकानाला कुलूप. घरमालकीणबाई अंगणात बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तेल आहे का.

"टोळीचं हाये. खासराच्या आसाले तेच घालतो आम्ही. चाकं कशी पाण्यावानी फिरतात."

टोळी म्हणजे मोहाची बी. बैलबंडीच्या आसाला चालतं ते मोटारसायकलला चालेल, असं मला वाटलं. उन्हात ठेवलेल्या बरणीतलं तेल पिवळं, पातळ होतं. मी कंजूषपणा केला नाही. जाळी पूर्ण बुडवली, थोडी निथळवली आणि बसवली. गाडी बाजारापर्यंत चालवून पाहिली. आवाज मऊ झाला होता. मला फार बरं वाटलं. संध्याकाळच्या बसने गडचिरोलीहून लस आणि बर्फ आला.

सोमवारी उजाडताच किक मारली. डिसेंबरची थंडी होती. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा तेच. प्लग काढला तर पेट्रोलने ओला. पुसून लावला, पुन्हा ओला. सूर्य कौलांवर आला होता. सायकलने निघालो तरी वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, आणि थर्मास आधीच ओला लागत होता.

तेवढ्यात घरमालकीणबाई बरणी घेऊन बाहेर आल्या. थंडीत त्यांच्या टाचा फाटायच्या, त्यांना रोज सकाळी त्या टोळीचं तेल लावत. त्यांनी बरणी उलटी केली. काही पडलं नाही. आत तुपासारखा पांढरा गोळा होता. त्यांनी बरणी चुलीजवळ सरकवली आणि वितळायची वाट पाहत बसल्या.

मी हातातला प्लग तसाच धरून त्या बरणीकडे पाहत राहिलो.

डबा उघडला. जाळी पांढरी होती. एकेक भोक बंद झालेलं. गाडीला हवा मिळत नव्हती, नुसतं पेट्रोल मिळत होतं.

बीएस्सीला माझा रसायनशास्त्र विषय होता. द्रवणांक काढायचा प्रयोग मी वर्गात सगळ्यांत आधी पुरा करायचो. आणि त्याही आधी, आमच्या घरी माझी आई टोळीच्या तेलातच भाजी फोडणीला टाकायची. हिवाळ्यात ते चमच्याने खरवडून द्यायचं काम माझंच होतं.

बाईंनी कारण विचारलं नाही. अंघोळीसाठी ठेवलेलं कढत पाणी त्यांनी घमेल्यात ओतलं. जाळी त्यात बुडवली तशी तेलाची बेटं वर आली. तीनदा पाणी बदललं. मग चिमट्यात धरून निखाऱ्यांवर वाळवली. "माझ्या अंघोळीचं पाणी गाडीनं नेलं," असं त्या हसत म्हणाल्या. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.

जाळी कोरडीच होती. म्हणून वाटेत बांबूचा ट्रक दिसला की मी बाजूला थांबायचो, धूळ बसू द्यायचो आणि मग निघायचो. असा प्रत्येक थांबा जिवावर येत होता.

गावाशी पोचलो तेव्हा सूर्य झाडांच्या बराच वर होता. आखर रिकामं. शेण अजून ओलं होतं. मी गाडी उभी केली आणि थर्मास हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग नाल्याच्या बाजूने लाकडी घंट्यांचा आवाज आला. म्हाताऱ्याने कळप जंगलात नेला नव्हता. नाल्यावर पाणी पाजायला थांबवला होता, आणि तिथेच रेंगाळत होता.

"काऊन जी, डाक्टर? आता आले?"

खोटं सांगणं सोपं होतं. टायर पंक्चर झालं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी टोळीच्या तेलाचं खरं ते सांगितलं. तो गोंडीत मागच्या दोघा गुराख्यांशी काही बोलला, आणि तिघेही काठ्यांवर रेलून हसू लागले.

"टोळीचं तेल थंडीत थिजते, हे लेकराले मालूम असते. तुमाले कालेजात नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "घरीही माहीत होतं."

"मंग?"

"विसरलो."

त्याने एकदा गाडीच्या डब्याकडे, एकदा थर्मासकडे पाहिलं. "बर्फ हाये ना अजून?"

झाकण उघडून दाखवलं. बोराएवढे तुकडे उरले होते, पण होते. त्याने तोंडाने एक लांब आवाज काढला आणि कळप आखराकडे वळला.

लस पाण्यात कालवली की लवकर संपवावी लागते, त्यामुळे त्यानंतर बोलायला वेळ नव्हता. ढोरं तो धरायचा, टोचायचो मी. शेवटची एक लाल गाय झाडाला बांधताना तो म्हणाला, "पुढच्या बारीले एक दिस आधी या. झोपा इथी. गाडीचा भरोसा नाई."

पुढच्या वर्षी मी एक दिवस आधी गेलो. जाळीला तोवर मिस्त्रीने दिलेलं इंजिनाचं तेल होतं आणि गाडी धड चालत होती. तरीही गेलो.