म्हशीच्या लाटेवर पास झालेला पाइप

आमच्या भातकुली गावात उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर रिकामा डबा उपडा दिसला की समजावं, गुलाबकाका इथून गेले. पाऊस असो वा नसो, उघडा पाइप त्यांना बघवत नसे. "उघडं तोंड देखलं का पानी घुसतेच," असं ते म्हणत. हे इंजिनाबद्दल असे आणि मी फार बडबडलो की माझ्याबद्दलही. त्यांच्या गॅरेजला खेटूनच माझं झेरॉक्सचं दुकान होतं.

काकांची लेक सुनंदा कोकणात दिलेली, जावई मच्छीमार. बोट नांगरून ठेवली की मागून येणाऱ्या लाटा धुराच्या पाइपातून थेट इंजिनात शिरत. दोनदा इंजिन खोलून झालं. "तिसऱ्यांदा भरलं तर बोट विकून टाकतो, मामा," जावई फोनवर काकांना म्हणाले. मागे सुनंदा रडत होती. जन्मात समुद्र न पाहिलेले काका शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, डबा लावा नं!"

जावयांनी बिचाऱ्यांनी लावला. इंजिन सुरू होताच डबा उडाला आणि शेजारच्या बोटीतल्या बांगडा मासळीच्या टोपलीत पडला. "चालू कराच्या आंधी काढाचा असते, हे बी मीच सांगू का?" काका चिडले. दुसरा डबा मात्र लाटेनंच नेला. मग काकांनी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं, आणि ते दार बंद झालं की मला धडकी भरे.

आठ दिवसांनी त्यांनी एक पाइप वाकवून आणला. इंजिनाकडून आधी उंच चढणारा, मग बाक घेऊन खाली उतरणारा. तोंडाशी धूर सोडणारी, पण पाणी अडवणारी लोखंडी झडप. "झडपीतून घुसलंच, तं एवढं चढता चढता थकते ते पानी!" आता तपासायला लाटा हव्या होत्या. आम्ही पाचसहा जण फळ्या घेऊन गावाबाहेरच्या डोहात उतरलो आणि काठाशी रोवलेल्या पाइपाच्या तोंडावर पाणी ढकलू लागलो. काठावरून काका ओरडले, "अबे, हे का लाट हाय? म्हैस बसली तं याच्याहून मोठी येते!" मग खरोखर म्हैस आणली. ती धपकन बसली, आम्ही नाकातोंडात पाणी जाऊन खोकलो, पण पाइपाचं इंजिनाकडचं टोक कोरडं ठणठणीत! काका चिखलातच नाचले.

पाइप घेऊन ते स्वतः कोकणात गेले आणि बोटीला बसवला. दोन दिवस समुद्र खवळलेला होता. तिसऱ्या सकाळी इंजिन हँडलच्या पहिल्याच फेरीत धडधडलं. परतल्यावर मी विचारलं, "काका, समुद्र कसा वाटला?"

"कोन पाह्यला? मी पाइप पाहून राहिलो होतो."

यंदा काका गेले. तेराव्याला आलेल्या सुनंदानं सांगितलं, तिच्या बंदरात आता कितीतरी बोटींना तसाच बाकदार पाइप आहे, आणि तिथले लोक त्याला 'भातकुली' म्हणतात. ऐकून मला हसू आलं आणि रडूही. समुद्र खवळला की तिथं म्हणे किनाऱ्यावरून हाका सुरू होतात, "भातकुली लावली आहे ना रे?"